दूरवरच्या उपकरणाचं अपडेट: परतीची वाट आधी बांधा

एम्बेडेड लिनक्सवर चालणारं उपकरण बहुधा अशा ठिकाणी बसवलेलं असतं, जिथे त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरचा कंट्रोलर, द्राक्षबागेत हवामान नोंदवणारा गेटवे, सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा, कारखान्यातल्या मशीनची आकडेवारी पाठवणारा डबा. फोनचं अपडेट फसलं तर माणूस फोन पुन्हा चालू करून बघतो, नाहीतर दुकानात नेतो. या उपकरणांचं अपडेट फसलं तर कुणाला तरी गाडी काढून तिथवर जावं लागतं. शंभर ठिकाणी फसलं, तर शंभर ठिकाणी.

या भीतीने अनेक लहान कंपन्या अपडेट करायचंच टाळतात. चालतंय ना, मग हात लावू नका, असा त्यांचा हिशेब असतो. त्या हिशेबाची किंमत २०१६ साली जगाने पाहिली. मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने लिनक्सवर चालणारे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कारखान्यातून आलेल्या ठरावीक पासवर्डांनी उघडले आणि त्यांची फौज केली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेने डाइन या डीएनएस सेवेवर हल्ला केला आणि अमेरिकेत कित्येक मोठ्या वेबसाइट तासन्‌तास बंद पडल्या. अनेक उपकरणांत तो पासवर्ड फर्मवेअरमध्येच कोरलेला होता. मालकाने ठरवलं असतं तरी त्याला तो बदलता आला नसता.

थोडक्यात, अपडेट करावंच लागणार आहे, आणि ते कधीतरी मध्येच तुटणारही आहे. म्हणून संपूर्ण व्यवस्था एका नियमाभोवती उभी करा: अपडेट कोणत्याही क्षणी तुटलं, तरी उपकरण पूर्ण नवं किंवा पूर्ण जुनं यांपैकी एकाच अवस्थेत सापडलं पाहिजे. तिसरी अवस्था शक्यच असता कामा नये. हा नियम पाळायची तयारी पहिलं उपकरण कारखान्याबाहेर पडण्याआधी करावी लागते. नंतर करायला गेलं की ती फार महाग पडते.

फ्लॅशवरच्या जागेची वाटणी

डेस्कटॉपवर आपण पॅकेजं एकेक करून अद्ययावत करतो. एपीटी किंवा ओपीकेजी ही साधनं एम्बेडेड बोर्डावरही चालतात, त्यामुळे पहिला मोह तोच होतो. तो टाळा. चाळीस पॅकेजांपैकी सतरावं लिहिताना वीज गेली, तर नेमकी ती तिसरी अवस्था तयार होते. दुसरा तोटा उशिरा कळतो. दोन वर्षांत प्रत्येक उपकरणावर पॅकेजांची वेगळीच जुळणी झालेली असते आणि तुम्ही टेबलावर तपासलेली जुळणी फील्डमध्ये कुठेच सापडत नाही.

त्याऐवजी संपूर्ण रूट फाइलसिस्टिमची एकच इमेज बनवा आणि फ्लॅशवर तिच्यासाठी दोन जागा ठेवा: ए आणि बी. उपकरण ए वरून चालत असताना नवी इमेज बी वर लिहायची. लिहून झाली, तपासून झाली, की बूटलोडरला सांगायचं, पुढच्या वेळी बी वरून सुरू हो. ए ला या सगळ्यात धक्काही लागत नाही.

४ जीबी ईएमएमसीचा बोर्ड असेल आणि आजची इमेज २५० एमबीची असेल, तर ए आणि बी ला प्रत्येकी ६०० एमबी द्यायला हरकत नाही. इमेज दरवर्षी फुगते, आणि फील्डमधल्या उपकरणाचं पार्टिशन नंतर वाढवणं हे या क्षेत्रातल्या सर्वांत जोखमीच्या कामांपैकी एक आहे. उरलेली जागा डेटासाठी वेगळ्या पार्टिशनमध्ये ठेवा. सिरियल नंबर, कॅलिब्रेशन आणि उपकरणाची स्वतःची की यांच्यासाठी एक छोटं पार्टिशन आणखी वेगळं काढा आणि त्यावर अपडेटने कधीच लिहू नये असं ठरवून टाका.

साधी नँड फ्लॅश असेल तर यूबीआयचे दोन व्हॉल्यूम करा. यूबीआयमध्ये व्हॉल्यूमांची नावं एकाच अविभाज्य क्रियेत बदलता येतात, म्हणजे अदलाबदल अर्धवट राहत नाही. फ्लॅश इतकी लहान असेल की दोन इमेज मावतच नाहीत, तर छोटा कर्नल आणि रॅममध्ये चालणारी लहान फाइलसिस्टिम असं एक रिकव्हरी पार्टिशन ठेवा. मात्र या मार्गात जुनं सॉफ्टवेअर परत येत नाही, फक्त पुन्हा प्रयत्न करणारी व्यवस्था जिवंत राहते, आणि तोवर उपकरणाचं मुख्य काम बंद असतं. दोन इमेजची जागा परवडत असेल तर हा मार्ग घेऊ नका.

बूटलोडर आणि वॉचडॉग

नवी इमेज सुरूच झाली नाही, तर परत कोण फिरणार? हे काम नव्या इमेजवर सोपवून चालत नाही, कारण तीच तर मेलेली असते. ते बूटलोडरचं काम आहे. यू-बूट या बूटलोडरमध्ये यासाठी बूटकाउंटची सोय आहे. अपडेटनंतर प्रत्येक बूटला मोजणी एकाने वाढते. ती ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की यू-बूट नेहमीचा बूट सोडून पर्यायी आज्ञा चालवतो. त्या आज्ञेत जुन्या पार्टिशनकडे वळायचं लिहून ठेवायचं. नवी इमेज नीट चालली, तर लिनक्समधूनच ही मोजणी शून्यावर आणायची. मर्यादा तीन प्रयत्नांची ठेवली तर बहुतेक ठिकाणी पुरते.

या साखळीत दोन कड्या सहज राहून जातात. पहिली कर्नल पॅनिकची. काहीही सांगितलं नसेल तर पॅनिक झाल्यावर लिनक्स कर्नल तिथेच थांबून राहतो, रिबूट करत नाही. मग बूटकाउंट वाढणार कसा? कर्नलच्या कमांड लाइनवर पॅनिकनंतर दहा सेकंदांनी रिबूट करायची सूचना द्या. दुसरी कडी हार्डवेअर वॉचडॉगची, म्हणजे ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर उपकरण रिबूट करणाऱ्या टायमरची. तो बूटलोडरमध्येच सुरू झाला पाहिजे आणि लिनक्सने ताबा घेईपर्यंत मध्ये कुठेही बंद होता कामा नये. सिस्टिमडी वापरत असाल तर पुढे त्याला ती खूण देत राहण्याचं काम सिस्टिमडीकडे द्या, आणि मुख्य ॲप्लिकेशन गोठलं तर तेही पकडलं जाईल अशी जोडणी करा.

यू-बूटची एन्व्हायर्नमेंट दोन प्रतींत ठेवा. एकच प्रत असेल आणि ती लिहिताना वीज गेली, तर कोणत्या बाजूने जायचं हेच हरवतं. खुद्द बूटलोडरचं अपडेट शक्यतो करू नका. करावंच लागलं तर ईएमएमसीमध्ये त्यासाठीच असलेल्या दोन बूट पार्टिशनांचा उपयोग करा: न वापरातल्यावर लिहा, तपासा, मग एका सेटिंगने अदलाबदल करा. तुमची चिप ते पाळते का, हे बोर्ड निवडतानाच बघून घ्या.

नीट चाललं, हे कुणी ठरवायचं?

लॉगिन स्क्रीन आली म्हणजे अपडेट यशस्वी झालं, असं धरू नका. उपकरण ज्या कामासाठी घेतलंय, ते काम झालं की नाही हे तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहा. बल्क कूलरच्या कंट्रोलरने तापमान वाचलं का? कॉम्प्रेसरच्या रिलेला आज्ञा जाते का? मोबाइल मोडेम नेटवर्कवर नोंदला गेला का? आणि सर्वांत महत्त्वाचं, नव्या इमेजमधून अपडेट सर्व्हरपर्यंत पोहोचता येतं का? बाकी सगळं चालतंय पण सर्व्हर गाठता येत नाही, असं उपकरण तुमच्या हातून कायमचं गेलं. त्यातली चूक दुरुस्त करायला पुढचं अपडेट पोहोचणारच नाही.

यात एक अडचण येते. गावातला टॉवरच दोन दिवस बंद असेल तर? तो नव्या इमेजचा दोष नव्हे. म्हणून उपकरणाचं स्थानिक काम आणि संपर्क यांना वेगवेगळ्या मुदती द्या. स्थानिक काम पाच-दहा मिनिटांत सिद्ध झालं नाही तर लगेच जुन्याकडे परता. संपर्कासाठी चोवीस तास थांबा आणि तोवर नव्या इमेजला कायम करू नका. मुदत संपून उपकरण जुन्याकडे परतलं तरी नुकसान काही नाही; जुनी इमेज आपलं काम करतच राहते. फक्त तीच इमेज पुन्हा पुन्हा उतरवून घेण्याच्या चक्रात ते अडकू नये म्हणून अयशस्वी आवृत्तीची नोंद डेटा पार्टिशनवर ठेवा आणि सर्व्हरला कळवा.

डेटा दोन्ही आवृत्त्यांना वाचता आला पाहिजे

ए आणि बी दोन आहेत, पण डेटा एकच आहे. नव्या आवृत्तीने पहिल्याच बूटमध्ये डेटाबेसची रचना बदलली आणि मग काही कारणाने उपकरण जुन्याकडे परतलं, तर जुन्या ॲप्लिकेशनला तो डेटाबेस उघडता येत नाही. परतीची वाट बांधूनही पलीकडे दार बंद. यावर शिस्त अशी: नवी आवृत्ती आधी फक्त भर घालते, जुन्या रकान्यांना हात लावत नाही. जुने रकाने काढण्याचं काम त्यानंतरच्या आवृत्तीत, सगळी उपकरणं पुढे सरकल्याची खात्री झाल्यावर. हे जमत नसेल तर रचना बदलण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा.

रूट फाइलसिस्टिम फक्त वाचता येईल अशीच ठेवा. सेटिंग बदलता यावीत म्हणून अनेक जण संपूर्ण ईटीसी डिरेक्टरीवर ओव्हरले चढवतात. त्याचा त्रास असा की ज्या फाइलची एकदा वरच्या थरात प्रत झाली, ती पुढच्या प्रत्येक अपडेटमध्ये इमेजमधली सुधारित फाइल झाकून टाकते. तुम्ही सुरक्षेसाठी एसएसएचची सेटिंग बदलून पाठवता आणि उपकरण जुनीच वापरत राहतं. बदलणारी प्रत्येक सेटिंग नावानिशी ठरवा, तेवढीच डेटा पार्टिशनवर न्या, बाकी सगळं इमेजबरोबर बदलू द्या.

स्वाक्षरी आणि जुळणी

अपडेटचा मार्ग म्हणजे उपकरणात वाटेल ते लिहिण्याचा परवाना. म्हणून इमेजवर डिजिटल स्वाक्षरी हवीच, आणि ती उपकरणाने एक अक्षर लिहिण्याआधी तपासली पाहिजे. केवळ एचटीटीपीएस पुरेसं नाही; सर्व्हर फोडला गेला तर त्याच एचटीटीपीएसमधून खोटी इमेज येईल. स्वाक्षरीची खासगी की बिल्ड सर्व्हरवर पडू देऊ नका. ती हार्डवेअर टोकनमध्ये ठेवा. उपकरणात थेट त्या कीची सार्वजनिक बाजू न ठेवता मूळ प्रमाणपत्र ठेवलं, तर पुढे की बदलायची वेळ आली तरी उपकरणं बाहेर पडत नाहीत. डेव्हलपमेंटची आणि उत्पादनाची की वेगळी हवी, आणि ग्राहकाकडच्या उपकरणाने डेव्हलपमेंटच्या कीची इमेज नाकारलीच पाहिजे.

इथे चुका मोठ्यांच्याही होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन या इलेक्ट्रिक वाहन कंपनीने चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांचं बिल्ड काही गाड्यांना पाठवलं आणि त्यांचे स्क्रीन बंद पडले. कंपनीने ते उघडपणे मान्य केलं. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट या कंपनीने एका मॉडेलच्या स्मार्ट कुलुपांसाठीचं फर्मवेअर दुसऱ्या मॉडेलला पाठवलं. सुमारे ५०० कुलुपं निकामी झाली. त्यांतली बरीच कुलुपं घरं पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्यांची होती.

दुसऱ्या प्रकारची चूक टाळायला एक ओळ पुरते. प्रत्येक इमेजमध्ये ती कोणत्या बोर्डासाठी आणि हार्डवेअरच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे लिहा. उपकरणाने ते स्वतःच्या नोंदीशी ताडून बघावं आणि जुळलं नाही तर इमेजला हातही लावू नये. ही तपासणी सर्व्हरवर असेल तरीही उपकरणावर हवीच, कारण चूक सर्व्हरवर बसलेल्या माणसाकडूनच होते.

घड्याळ आणि प्रमाणपत्रांची मुदत

घड्याळाची बॅटरी नसलेला बोर्ड वीज आल्यावर अनेकदा १ जानेवारी १९७० या तारखेला जागा होतो. त्याच्या दृष्टीने सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो जोडणी नाकारतो. उपाय साधा आहे: इमेज बनवल्याची तारीख तिच्यातच ठेवा, घड्याळ त्याआधीचं दिसलं तर किमान तिथवर पुढे न्या, मग एनटीपीने वेळ घ्या आणि त्यानंतरच सर्व्हरकडे जा.

उलट बाजूचा धोका प्रमाणपत्र संपण्याचा. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ प्रमाणपत्र संपलं आणि लेट्स एन्क्रिप्ट वापरणाऱ्या वेबसाइटशी जोडली जाणारी जगभरची अनेक जुनी उपकरणं त्या दिवशी अडकली. अपडेट सर्व्हरसाठी स्वतःचं, दीर्घ मुदतीचं मूळ प्रमाणपत्र उपकरणात ठेवा आणि ते कधी संपतंय याची नोंद उत्पादनाच्या कागदपत्रांत पहिल्या पानावर लिहा.

दहा-बारा वर्षं चालायचं उपकरण आज विकत असाल, तर १९ जानेवारी २०३८ ही तारीखही तुमचीच आहे. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळं ओव्हरफ्लो होतील. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर वेळ ६४ बिटांत ठेवण्याची सोय कर्नलमध्ये ५.६ या आवृत्तीपासून आणि जीलिबसीमध्ये २.३४ पासून आहे, पण जीलिबसीत ती तुम्हाला स्वतः चालू करून सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं. पहिल्या इमेजपासूनच ते करा. मधल्या काळात बदलायचं म्हटलं तर साठवलेल्या डेटाची रचनाही बदलते.

कधी पाठवायचं, किती जणांना

१०० एमबीची इमेज १०,००० उपकरणांना पाठवली की १,००० जीबी डेटा जातो. टूजीवर प्रत्यक्षात ४० केबीपीएस मिळत असेल, तर एका उपकरणाला ती उतरवून घ्यायला साडेपाच तास लागतात. म्हणून तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. फरक तेवढा पाठवणारे डेल्टा अपडेट यात मोठी मदत करतात, पण बिल्ड दर वेळी बाइटगणिक तेच यायला हवं. फाइलींच्या वेळा आणि क्रम प्रत्येक बिल्डमध्ये बदलत असतील तर फरकच जवळजवळ पूर्ण इमेजएवढा होतो.

सगळ्यांना एकदम पाठवू नका. आधी तुमच्या प्रयोगशाळेतली उपकरणं, मग ओळखीच्या ग्राहकांकडची पाच-दहा, मग एक टक्का, मग दहा टक्के, मग बाकीची. प्रत्येक टप्प्यानंतर किमान दोन-तीन दिवस थांबा, कारण मेमरी हळूहळू गळणं किंवा लॉगने डिस्क भरणं हे पहिल्या तासात दिसत नाही. किती टक्के उपकरणं जुन्याकडे परतली तर रोलआउट आपोआप थांबेल, हे आधीच आकड्यात ठरवा. ऐन वेळी ठरवायला बसलं की माणूस आशेवर ताणत राहतो.

उपकरणांनी सर्व्हरला विचारायची वेळही विखुरलेली हवी. भारनियमन संपून एखाद्या फीडरवर वीज आली की त्यावरची सगळी उपकरणं एकाच मिनिटाला जागी होतात. सगळ्यांनी त्याच क्षणी सर्व्हर गाठायचा प्रयत्न केला तर सर्व्हरही कोलमडतो आणि त्या टॉवरवरची लाइनही. प्रत्येक उपकरणाने काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत अनियमित थांबावं.

रात्री दोनची वेळ सुरक्षित असते, हा समज शहरातला आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतीपंपांना थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. ठिबकचा कंट्रोलर तेव्हाच कामावर असतो. दूध संकलन केंद्र पहाटे आणि संध्याकाळी गजबजतं. तेव्हा वेळ सर्व्हरवर एकच ठरवू नका. हातात काम नाही हे उपकरणाला स्वतः ओळखू द्या, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला आजचा दिवस नको असं सांगायची सोय ठेवा. अपडेट चालू असताना दिवा कसा लुकलुकतो आणि तेव्हा स्विच बंद करू नये, हे त्याच्या भाषेत उपकरणावरच छापा.

कोणतं साधन घ्यावं

ही सगळी यंत्रणा स्वतः शेल स्क्रिप्टमध्ये लिहायला बसू नका. तुमच्या आधी अनेकांनी तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत. रॉक, म्हणजे रोबस्ट ऑटो-अपडेट कंट्रोलर, हे जर्मनीतल्या पेंग्युट्रॉनिक्सचं मुक्त साधन आहे. ए-बी मांडणी, स्वाक्षरी, बोर्डाशी जुळणी आणि साठवून न ठेवता थेट लिहिणं, हे सगळं त्यात आहे. एसडब्ल्यूअपडेट अधिक लवचीक आहे; सोबतच्या मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर किंवा एफपीजीएही त्याच पॅकेजमधून अद्ययावत करायचं असेल तर त्याचा विचार करा. मेंडर सर्व्हरसह येतं, त्यामुळे छोट्या टीमला लवकर सुरुवात करता येते. ओएसट्री पूर्ण पार्टिशनऐवजी फाइलींच्या पातळीवर आवृत्त्या ठेवतं, त्यामुळे जागा आणि डेटा दोन्ही वाचतात. रॉक किंवा एसडब्ल्यूअपडेटसोबत सर्व्हर म्हणून एक्लिप्सचा हॉकबिट वापरता येतो. योक्टो आणि बिल्डरूट या दोन्ही बिल्ड पद्धतींत रॉक आणि एसडब्ल्यूअपडेट सहज बसतात. रास्पबेरी पायवर काम करत असाल तर त्याच्या बूटलोडरमधली ट्रायबूट ही सोय नवं पार्टिशन एकदाच आजमावून बघण्यासाठीच आहे.

निवडताना एकच निकष धरा: तुमच्या टीमपैकी दोघांना तरी ते साधन आतून समजलं पाहिजे.

वीज तोडून बघा

अपडेटची खरी चाचणी यशाची नसते, तुटण्याची असते. एक रिले घ्या, बोर्डाचा पुरवठा त्यातून न्या आणि स्क्रिप्टने अपडेट चालू असताना अनियमित क्षणी वीज तोडा. रात्रभर हे चालू ठेवा. सकाळी उपकरण चालू आहे का, आणि पूर्ण नवं किंवा पूर्ण जुनंच आहे का, एवढंच बघायचं. स्वस्त एसडी कार्डं इथेच उघडी पडतात. लिहिताना वीज गेली तर त्यांच्यावरचा, ज्याला हात लावलेला नव्हता असा भागही बिघडू शकतो. शिवाय प्रत्येक प्रकाशनाआधी एवढं तपासा:

१. मुद्दाम बिघडवलेला कर्नल, बूटच न होणारी इमेज आणि बूट होऊन ॲप्लिकेशन कोसळणारी इमेज, तिन्हींतून उपकरण परत येतं.

२. चुकीच्या स्वाक्षरीची आणि दुसऱ्या बोर्डाची इमेज नाकारली जाते.

३. फील्डमध्ये असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीवरून थेट नव्या आवृत्तीवर जाता येतं.

४. नव्या आवृत्तीवरून आणखी पुढच्या आवृत्तीवर जाता येतं.

५. डेटा पार्टिशन शंभर टक्के भरलेलं असतानाही अपडेट होतं.

चौथा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो. नवी आवृत्ती व्यवस्थित बसते, पण तिच्यातलं अपडेट करणारं साधनच मोडलेलं असतं, आणि ते पुढच्या प्रकाशनापर्यंत कुणाला कळत नाही.

प्रत्येक अपडेट पाठवलंच पाहिजे का?

फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा प्रकल्प सुरक्षादोषांना स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो, आणि त्यांची संख्या वर्षाला हजारोंच्या घरात आहे. त्यांतले बहुसंख्य तुमच्या बोर्डावर नसलेल्या ड्रायव्हरांचे असतात. कर्नलमध्ये लागेल तेवढंच ठेवा, इमेजमधल्या प्रत्येक घटकाची यादी बिल्डमधूनच काढा (योक्टो ती एसपीडीएक्स स्वरूपात देतं) आणि दर महिन्याला ती उघड झालेल्या दोषांशी ताडून बघा. दीर्घ मुदतीचा कर्नल घ्या, पण ती मुदत तपासून. या कर्नलांचा आधार सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. त्याहून लांब पल्ला हवा असेल, तर सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प निवडक कर्नल किमान दहा वर्षं सांभाळतो. योक्टोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या चार वर्षं सांभाळल्या जातात.

सर्वांत लहान बदल निवडण्याचा धडा मंगळावरून मिळतो. इन्जेन्युइटी हे नासाचं हेलिकॉप्टर लिनक्सवर चालत होतं. ९ एप्रिल २०२१ रोजी पाती वेगाने फिरवण्याची चाचणी वॉचडॉगची मुदत संपल्याने मध्येच थांबली. टीमने उड्डाणाच्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती तयार केली, पण आधी दुसरा उपाय निवडला: आज्ञांच्या क्रमात थोडा बदल. तो सुमारे ८५ टक्के वेळा यशस्वी होईल हे त्यांना चाचण्यांतून माहीत होतं, आणि फसला तरी हेलिकॉप्टर जमिनीवर सुरक्षित राहणार होतं. १९ एप्रिलला त्याने पहिलं उड्डाण केलं. २९ एप्रिलला उरलेल्या १५ टक्क्यांतली वेळ आली, उड्डाण झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी झालं. जवळजवळ दोन वर्षं तपासलेलं सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा हा मार्ग कमी जोखमीचा होता. सेटिंग बदलून प्रश्न सुटत असेल तर इमेज बदलू नका. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सोय एकाच अपडेटमध्ये बांधू नका. नवी सोय अडली की दुरुस्तीही अडकते.

आधीच बाहेर गेलेली उपकरणं

एकाच पार्टिशनची उपकरणं फील्डमध्ये असतील, तर त्यांची विभागणी दुरून बदलायची घाई करू नका. आधी कोणत्या उपकरणावर कोणती आवृत्ती आहे याची खरी यादी करा. डेटा पार्टिशनमध्ये जागा असेल तर तिथे फाइलच्या रूपात दुसरी इमेज ठेवून तिच्यावरून बूट करता येतं का, हे टेबलावर वीज तोडून तपासा. ते जमत नसेल तर देखभालीसाठी माणूस जाईल तेव्हा बोर्ड नव्या मांडणीवर आणा. तोवर त्या उपकरणांवर अगदी तातडीची दुरुस्तीच पाठवा आणि इंटरनेटकडे उघडी असलेली त्यांची दारं नेटवर्कच्या बाजूने बंद करा.

शब्द दिला की पाळायचा

युरोपीय संघाचा सायबर रिझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. हल्लेखोर वापरत असलेल्या दोषांची माहिती देण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. वस्तू कुठे बनली याला महत्त्व नाही. युरोपात विकली गेली की नियम लागू. सुरक्षेची अपडेट साधारणपणे किमान पाच वर्षं द्यावी लागतील आणि आधार कधी संपतो तो महिना आणि वर्ष खरेदीच्या वेळी सांगावं लागेल. पुणे, चाकण, सातपूर इथून युरोपात नियंत्रक आणि गेटवे पाठवणाऱ्या उद्योगांना हे पाळावंच लागेल.

कायद्याची वाट न बघताही हे करावं, असं मला मनापासून वाटतं. उपकरण विकत घेणारा शेतकरी, डेअरीचा व्यवस्थापक किंवा सोसायटीचा सचिव त्याच्या आतलं सॉफ्टवेअर बघू शकत नाही. तो तुमच्या शब्दावर पैसे देतो. म्हणून पुढच्या उत्पादनाची किंमत ठरवताना तिच्यात अपडेटचा खर्च धरा: दोन इमेजपुरती फ्लॅश, सर्व्हर, सिमचा डेटा, चाचणीचा बोर्ड आणि ते काम दरमहा करणाऱ्या माणसाचा पगार. मग आधार कोणत्या तारखेपर्यंत देणार ते खोक्यावर छापा. ती तारीख छापायची हिंमत होत नसेल, तर ते उत्पादन अजून विकायला तयार नाही.